नदीत सोडलेला काचपुश्या

मुलीच्या हट्टापायी आम्ही घरात फिशटँक आणला. दुकानदाराने चार सोनेरी मासे दिले आणि बोटाएवढा एक काळा मासा वरून टाकला. म्हणाला, "भाऊ, काचेवरचं शेवाळ हाच खातो. तुम्हाला टँक धुवायचं कामच नाही." आम्ही त्याचं नाव काचपुश्या ठेवलं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. काचपुश्याने शेवाळ खाल्लं. मग सोनेरी माशांचं खाणं खाल्लं. मग एकेक करून सोनेरी मासे गेले आणि हा एकटाच उरला. दोन-तीन वर्षांत माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब झाला. अंगावर पत्र्यासारखे खवले, पंखांना टोचणारे काटे. टँकमध्ये वळायला जागा पुरेना, तेव्हा तो ट्रेलरसारखा रिव्हर्स घेऊ लागला. मुलगी तोवर शिकायला बाहेरगावी गेली होती.

"सोडून या हो ह्याला," बायको म्हणाली. "बघवत नाही मला. जीव आहे तो."

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सदोष माल गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम मी आयुष्यभर केलंय. अशा मी एका रविवारी सकाळी मासा झाकणाच्या बादलीत घातला, बादली मांडीवर घेऊन बायको स्कूटरवर मागे बसली आणि संत तुकाराम नगरातून निघून, पिंपरीचा बाजार ओलांडून आम्ही पवनेच्या काठावर गेलो. तिथे एक बाई प्लास्टिकच्या डब्यात कासव घेऊन उभी होती. लग्नाच्या मांडवात अनोळखी पाहुणे हसतात तसं आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. तिने कासव सोडलं, आम्ही मासा सोडला. बायकोने हात जोडले. परतताना आम्ही मिसळ खाल्ली. चांगलं काम केलं की भूक लागतेच.

पुढे तीनेक वर्षांनी सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आले. मी त्यांना मामा म्हणतो. घर सिंधुदुर्गात, खाडीच्या काठावर. जन्म मासे धरण्यात गेलेला. साखर वाढलेली निघाली म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं आणि मामा फ्लॅटमध्ये अडकले. दोन दिवस गॅलरीत बसून त्यांनी समोरच्या पार्किंगकडे भरती-ओहोटी बघावी तसं बघितलं. तिसऱ्या दिवशी पिशवीतून चादरीखाली लपवून आणलेला पाग काढला. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी लावलेलं.

"जावयबापू," ते म्हणाले, "हय नदी आसा मा?"

रविवारी मी त्यांना शहराच्या जरा वर, जिथे पाण्याला अजून पाणी म्हणता येतं अशा जागी नेलं. तरी कडेला जलपर्णीचा गालिचा होताच. मामांनी वाकून वास घेतला.

"ह्या पाणी असा काळा कित्याक?"

"वरून नाले येतात, मामा."

त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला, पागाची कड दातात धरली आणि असा झोकात फेकला की फिरायला आलेले सात-आठ लोक थांबून बघू लागले. पलीकडे म्हशी धुणारे एक म्हातारेबाबाही पुढे आले. पाग पाण्यावर गोल पडला, बुडाला. मामा ओढायला लागले. जड होता. बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "काका, मगर आली का काय?"

पाग वर आला. त्यात जलपर्णी होती, डाव्या पायाची एक चप्पल होती आणि सहा काचपुश्ये होते.

मी दोन पावलं मागे सरकलो.

मामांनी एक चांगला डोळा जवळ नेऊन बघितलं, बोटाने टकटक केली. "हो मासो नाय," त्यांनी निकाल दिला. "हो तुमच्या चाकणात बनवलेलो दिसता."

"आवं पाव्हणं, मासाच हाय त्यो," म्हशीवाले बाबा म्हणाले. "पर खायाच्या कामाचा न्हाई. आदी आमी हितं मरळ धरायचो, वाम धरायचो, पोरंबाळं पोटभर खायाची. मग पानी बिघडलं. त्यातनं जे जगलं वाचलं त्याची अंडी ह्ये खातंय. घान पान्यात समदं मेलं, ह्येच जगलं बगा."

तेवढ्यात आमच्या पागातून निसटलेल्या एका लहान काचपुश्यावर पाणकावळ्याने झडप घातली. गिळायला गेला आणि काटे अडकले. मान वाकडी करून, पंख आपटून त्याने तो कसाबसा ओकला आणि चोच उघडी ठेवून दगडावर बसून राहिला. बघे हसले. मला काही हसू आलं नाही.

"पण आले कुठून हे?" एकाने विचारलं.

"शेहरातली लोकं आणून सोडत्यात की! घरात मावंना झालं की हितं. वर हात जोडत्यात."

मामा पागात अडकलेला काटा सोडवत होते. सोडवताना पाग टरकन फाटला. त्यांनी फाटकी जागा हातात धरली आणि विचारलं, "खयच्या गाढवान सोडल्यान हे?"

"असतात असे लोक," मी म्हणालो आणि चपलेकडे बघत राहिलो.

घरी जेवताना मामांनी लेकीला सगळी हकिकत सांगितली. मी टेबलाखालून पायाने खूण केली. बायकोने ती ओळखली, पण तिचा अर्थ तिने उलटा घेतला.

"अय्या, बाबा, ह्यांनी नव्हता का सोडला? आमचा काचपुश्या? मी पण गेले होते!"

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कंपनीत ऑडिटर बघतात, पण असं नाही. मी खाली मान घालून आमटी ढवळली. वाटलं, आता हा माणूस आजच्या आज कोकणची गाडी धरतो.

मामा शेवटी हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "आमी तरी काय कमी केला?" मग त्यांनी खाडीचं सांगितलं. तरुणपणी त्यांनीच काठावरचं कांदळवन तोडून चुलीत घातलं होतं. त्याच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात हे ठाऊक असूनही. पुढे सगळ्यांनी बारीक जाळी आणली, यांनीही आणली, बोटभर पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. मग तांबोशी मासळी यायची थांबली, काळुंदर कमी झाली, माशांवर जगणारे बगळेही विरळ झाले. "तेव्हा आमी मोठ्या बोटवाल्यांका गाळी घातल्यो," ते म्हणाले. "घरात बसान गाळी घालूक बरा वाटता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाग शिवायला घेतला. ऑपरेशन होईपर्यंतच्या प्रत्येक सुट्टीला आम्ही नदीवर गेलो. मामा फेकायचे, मी कंपनीचे जाड हातमोजे घालून काचपुश्ये सोडवायचो, म्हशीवाले बाबा ते शेतात खड्डा करून पुरायचे. नदीत किती आहेत आणि आम्ही किती काढले, याचा मेळ कधी लागणार नव्हता हे तिघांनाही कळत होतं. तरी पुढच्या सुट्टीला तिघंही हजर.

मग माझ्या अंगात आलं. मी सोसायटीच्या फलकावर नोटीस लावली: "घरातले मासे व कासवे कृपया नदीत सोडू नयेत." खाली माझा फ्लॅट नंबर टाकला. ही चूक. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन दारात उभ्या.

"भाऊजी, नदीत सोडायचं नाही म्हणता ना? मग तुम्हीच ठेवा."

त्यानंतर शेजारच्या इमारतीतून आले, मग निगडीहून कुणाचा तरी मेव्हणा स्कूटरवर टब घेऊन आला. नाही म्हटलं तर माणूस सरळ नदीकडे जाणार, म्हणून नाही म्हणता येईना. आज आमच्या गॅलरीत सिमेंटची टाकी आहे. तिच्यात नऊ काचपुश्ये आहेत, शेजारच्या टबात दोन कासवं. कपडे वाळत घालायला जागा नाही.

मामांचं ऑपरेशन नीट झालं, ते गावी गेले. त्यांनी आणि शेजारच्या दोघांनी बारीक जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलंय. बाकी गाव त्यांना हसतं. फोनवर मी विचारतो, "मामा, काही फरक?"

"अजून नाय," ते म्हणतात. "दोन-तीन वर्षां बघूया." मग फोन लेकीला द्यायला सांगतात, आणि ती त्यांना कासवांनी आज किती काकडी खाल्ली ते सविस्तर सांगत बसते.