काचेबाहेरच्या विजूताई

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये पडदे लावत होते. त्यांच्या मुलाने एवढंच सांगितलं, "मावशी, आई सकाळी गेली. झोपेतच." खरं सांगायचं तर दुःखाआधी मला लाज वाटली. त्याला आता महिना होऊन गेला. दुःख हळूहळू अंगवळणी पडतंय, लाज मात्र जिथल्या तिथे आहे.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. विजूताई माझ्याहून मोठ्या, आवाजाने खणखणीत आणि बोलायला फटकळ. जवळच्या बागेत इंग्रजांच्या वेळचा एक बँडस्टँड होता. मागे अर्धगोल भिंत, वर पुढे झुकलेलं छप्पर आणि समोर नुसतं गवत. आमच्या मराठी मंडळाचा गणपती, मुलांची गाणी, आमची ती धन्य नाटकं, सगळं तिथेच व्हायचं. गवतावर कुणीही येऊन बसावं. शेजारचे पंजाबी यायचे, आणि छावणीतल्या जवानांच्या बायका पोरं कडेवर घेऊन चालत यायच्या. साताऱ्या-सांगलीकडच्या त्या बायकांना घराबाहेर मराठी ऐकायला मिळे ती इथेच. नाटकात कुणी वाक्य विसरलं की त्या मोठ्याने हसायच्या, आणि विजूताई भूमिका सोडून त्यांच्याकडे बघून हसायच्या.

त्या बँडस्टँडचं सांस्कृतिक केंद्र करायचं, हे वेड विजूताईंचंच. छप्पर गळत होतं, रस्त्यावरच्या बसच्या आवाजात अर्धे संवाद वाहून जात होते, आणि आमची मुलं घरातसुद्धा "चलो यार" करायला लागली होती. मराठीचे वर्ग, वाचनालय, तालमींना हक्काची जागा... त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून परवानगी मिळवली. तेव्हा नवनव्या कंपन्या दिल्लीत येत होत्या. त्यातल्या एका कंपनीने फुकट एसी देऊ केला. अट एकच, पुढची मोकळी बाजू बंद करायची. छप्पर पुढे वाढवून आत खुर्च्या मांडायच्या, आणि भिंत नको म्हणून समोर काच लावायची असं ठरलं. बाहेरचं सगळं दिसेल की, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं. जूनच्या दिल्लीत थंडगार नाटक बघायला मिळणार म्हणून आम्ही हरखून गेलो होतो, विजूताईसुद्धा.

उद्घाटनाला फक्त सभासदांना पास होते. छावणीतल्या बायका नेहमीसारख्या आल्या आणि गवतावर बसल्या. व्यासपीठावर विजूताई आभार मानत होत्या. पलीकडे पोरं काचेला नाकं चिकटवून उभी होती. आतला एक शब्दही त्यांना ऐकू जात नव्हता. विजूताई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "दारं उघडा." पहिल्या रांगेतला कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, एसी चल रहा है. थोड़ी देर की तो बात है." विजूताईंनी क्षणभर खाली पाहिलं... आणि भाषण पुरं केलं. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. घरी परतताना जिन्यात त्या मला म्हणाल्या, "सुमन, मी बोलत राहिले गं. त्यांच्या तोंडावर दार लावून मी आभार मानत राहिले."

पुढच्या नाटकाला त्यांची खुर्ची रिकामी दिसली. त्या बाहेर गवतावर होत्या, चांगली रेशमी साडी नेसून, मांडी घालून. नाटक त्यांना तोंडपाठ होतं. आत काय चाललंय ते त्या बायकांना सांगत होत्या, प्रत्येक पात्राचा आवाज काढून. समितीने मला त्यांना आणायला पाठवलं. "अहो, आत चला ना, बरं दिसत नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आत मला लाज वाटते. तू बस जा गारव्यात." मी गेले. त्यानंतर दर वार्षिक सभेत त्या काच काढायचा विषय मांडायच्या, आम्ही माना खाली घालायचो आणि विषय पुढे ढकलला जायचा. छावणीतल्या पलटणी बदलत, बायका बदलत. बाहेर बसणाऱ्या विजूताई मात्र त्याच.

त्यांची शोकसभा त्याच केंद्रात झाली. फोटोला मोगऱ्याचा हार, एसी चालू, भाषणांवर भाषणं. काचेबाहेर पाच-सहा बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या दिसल्या. मला राहवेना. बाहेर जाऊन म्हटलं, "आत या, खुर्च्या रिकाम्या आहेत." त्यांच्यातली एक तरणी पोरगी संकोचून हसली. "नको बाई, हितंच बरं हाय. आमच्या आधीच्या बायकांनी सांगितलं व्हतं, छावणीवाल्यांनी भाईर बसायचं, हितली रीतच हाय. ताईबी भाईरच बसायच्या की."

रीत! म्हणजे विजूताईंनी इतकी वर्षं ज्याची लाज बाळगली, त्याची आम्ही रीत करून ठेवली होती, आणि त्यांच्या तिथे बसण्याचाही त्या रीतीला आधार झाला होता. मी तिच्याशेजारी गवतावर बसले. ती हळूच म्हणाली, "आत काय म्हनत्यात वो, ताईंबद्दल?"

आत अध्यक्ष म्हणत होते, विजूताईंनी हे केंद्र सगळ्यांसाठी उभं केलं... मी बाहेर पडत होते तेव्हाच ते वाक्य कानावर आलं होतं. ते तिला सांगायला मी तोंड उघडलं, पण मला सांगता आलं नाही.