पवनीच्या वाटेवर पाचवं शील

भंडारा रोड स्टेशनवर उतरले तेव्हा माझा बेत अगदी पक्का होता. पवनीला जायचं, वैनगंगा बघायची, तिथले जुने बौद्ध अवशेष डोळे भरून पाहायचे. साताऱ्याच्या निवृत्त इतिहास-शिक्षिकेला याहून जास्त काय हवं? स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्रीनं नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी "छान आहे" म्हणत राहिले. भाड्याच्या जीपचे चालक राजूभाऊ हसले. "मॅडम, पानी प्या. लाजू नोका."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) होत्या. जमिनीच्या ओलीवर टाकलेली लाखोळी (एक कडधान्य) त्यांत हिरवीगार उगवली होती. मधूनच एखादी बोडी (लहान तळं) आणि काठाशी बगळे. अड्याळला चहाला थांबलो आणि बेत तिथेच मोडला.

एक बाई धावतच जीपपाशी आल्या. त्या गावातल्या आशा कार्यकर्त्या, वैशालीताई. राजूभाऊंना ओळखत होत्या.

"भाऊ, गाडी पायजे. मनोहरभाऊले भंडाऱ्याले न्या लागते. ॲम्बुलन्स बाळंतिणीले घेऊन गेली, तिले वेळ हाय."

'मग माझं पवनी?' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आजही लाज वाटते. सुदैवानं मी ते गिळले.

घर जवळच होतं. पन्नाशीतला मनोहर खाटेवर घामानं निथळत होता. हात दुपट्ट्यानं खाटेला बांधलेले, आणि बोटं चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होती.

"काहून बांधलं त्यायले?" वैशालीताई गाठ सोडू लागल्या.

"बाहेरचं लागलं," शेजारीण म्हणाली. एका म्हाताऱ्यांनी वेगळाच उपाय काढला, "थोडीशी पाजा, आताच सुधरन."

मनोहरची बायको सुनंदा उसळली. "पाजाचं नाव नोका काढू! विहारात पंचशील घेतलं यायनं. चार दिवस झाले, थेंब नाही."

पंचशील म्हणजे बौद्ध माणसानं पाळायचे पाच नियम. पहिला, कुणाचा जीव न घेण्याचा. पाचवा, नशा न करण्याचा. वीस वर्षं रोज पिणाऱ्या मनोहरनं पाचवं शील एका सकाळी मनावर घेतलं आणि तंतोतंत पाळलं. गावानं शाबासकी दिली. हात थरथरू लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, मोहाची दारू अंगातून निघतेय, चांगलंच आहे.

वैशालीताई डॉक्टरांशी फोनवर बोलूनच आल्या होत्या. "इतक्या वर्षांची दारू एकदम बंद केली तं जिवावर बेतते," त्यांनी सुनंदाला समजावलं. "हे बाहेरचं नाही, आजार होय. दवाखान्यात याच्यावर दवाई हाय."

जीप उलटी फिरली. मागच्या बाकावर मनोहरचं डोकं सुनंदाच्या मांडीवर, पाय माझ्या. तो एकदम माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तू केव्हा आली?"

"मोठी बहीण समजून राहिले तुमाले," सुनंदा पुटपुटली.

"आत्ताच आले," मी म्हटलं.

अर्ध्या वाटेत त्याला फिटचा झटका आला. वैशालीताईंनी त्याला झटपट कुशीवर वळवलं. राजूभाऊंचा हात हॉर्नवरून निघेना. हा माणूस आपल्या मांडीवरच जातो की काय, असं वाटलं. इतिहास शिकवताना मी मरणाच्या किती गोष्टी सांगितल्या असतील, पण मरण इतकं जवळून पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात त्याला लगेच इंजेक्शन दिलं, भरती केलं. तरुण डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "सोडायचं ठरवलं ते उत्तमच. फक्त त्याआधी आमच्याकडे यायला हवं होतं."

"आमाले कोण सांगन, डॉक्टरबाई?" सुनंदाला रडू फुटलं. "पिऊ नोका, सारेच सांगते. सोडाची कशी, हे कोणी सांगत नाही."

वैशालीताई म्हणाल्या, की येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर त्या हेच सांगायला उभ्या राहणार.

मी दोन दिवस भंडाऱ्यातच राहिले. पवनीला जायला मन होईना. तिसऱ्या दिवशी निघण्याआधी दवाखान्यात गेले. मनोहर उठून बसला होता, पण तळहातावरची गोळी तोंडात घालत नव्हता.

"हिनं गुंगी येते. माहं शील तुटन."

वैशालीताईंनी समजावलं, नर्सनं समजावलं. तो मान हलवत राहिला. शेवटी सुनंदानं पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला.

"तुमी पाचवं पाळलं. आता मले पयलं पाळू द्या. मी तुमचा जीव जाऊ देनार नाही."

मनोहरनं तिच्याकडे पाहिलं, आणि गोळी घेतली.

साताऱ्यात सगळे विचारतात, पवनी कशी होती? पाहिलीच नाही, म्हणते, आणि थट्टा ऐकून घेते. एक गोष्ट मात्र परतीच्या गाडीत बसेपर्यंत मला आठवलीही नव्हती. माझा सख्खा भाऊ एकदा "उद्यापासून दारू बंद" म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागले, तेव्हा मी "नाटकं पुरे" म्हणून त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. तो वाचला. त्यात माझं शहाणपण काहीच नव्हतं.