त्रेचाळीस नंबरचा खांब

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं नेमाने वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, बरेचदा हसायला म्हणून वाचतो. माझी मुलगी चंदीगडात वाढली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. परवा ती म्हणाली, "पापा, मानते नहीं तो पढ़ते क्यों हो?" प्रश्न बरोबर होता. मी चहाचा कप धुवायला उठलो.

मी देशमुख, विद्युत अभियंता. तारेत करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं. आयुष्यभर याच हिशेबाने जगलो. घरी सत्यनारायणालाही मी प्रसादापुरताच बसतो. तेव्हा पुढे जे लिहितोय ते भोळ्या माणसाचं आहे असं कुणी समजू नये. पटवून घ्या असा माझा आग्रहही नाही... मलाच ते अजून पुरतं पटलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी मूळचा अमरावतीचा, पण ग्रामीण विद्युतीकरणाच्या कामावर डेप्युटेशनने चंदीगडला आलो होतो. बायको आणि लहान मुलगी शहरात भाड्याच्या घरात, आणि माझं सबस्टेशन शहराबाहेर. आज जिथे एयरोसिटीच्या इमारती आहेत तिथून बरंच पुढे तेव्हा नुसती गव्हाची शेतं होती, त्यांच्यात. गावाचं नाव देत नाही.

दहशतवादाचे ते दिवस ज्यांनी पंजाबात काढले त्यांना वेगळं सांगायला नको. चार वाजले की रस्ते रिकामे. नाक्यानाक्यावर वाळूची पोती, बसमध्ये चढताना माणसं आधी आत बसलेल्यांचे चेहरे बघायची. मला घरी पोचायला अर्धा तास उशीर झाला तर बायको गॅलरीतून हलायची नाही. आणि अशा काळात आमचे लाईनमन खांद्यावर बांबूची शिडी घेऊन, सायकलवर, शेताशेतांतून हिंडायचे. एकीकडून पोलीस हटकायचे, दुसरीकडून आणखी कुणी. पण गावात दिवा लागला पाहिजे, ट्यूबवेल चालली पाहिजे. बटण दाबल्यावर दिवा लागतो तेव्हा त्या माणसांची आठवण कुणाला येते? मलाही तेव्हा येत नव्हती. मला दिसायचे ते त्यांचे कागद.

हो, कागद. आमच्या धंद्यात परमिट नावाची एक स्लिप असते. लाईनमनने खांबावर चढण्याआधी ती घ्यायची, म्हणजे सबस्टेशनमधून त्या लाईनची वीज बंद होते. मग तो तारांवर लोखंडी साखळी टाकतो. चुकून कुणी वीज सोडलीच, तर ती साखळीतून जमिनीत जाते आणि सबस्टेशनचं ब्रेकर, म्हणजे लाईन चालू-बंद करायचा मोठा स्विच, लगेच पडतं. काम संपलं की साखळी काढायची, स्लिपवर सही करायची आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच स्वतः येऊन परत करायचं. त्याशिवाय वीज सोडायची नाही, असा नियम. पण त्या दिवसांत रस्त्यावर जितकं कमी फिराल तितकं बरं, म्हणून सही केलेली स्लिप दुसऱ्या कुणी आणली तरी आम्ही चालवून घ्यायचो. ही आमची चूक. मी साहेब होतो, म्हणजे माझीच.

जानेवारी महिना, आणि धुकं असं की कंट्रोल रूमच्या खिडकीतून आवारातला ट्रान्सफॉर्मरही दिसत नव्हता. सकाळी दहाला जोगिंदरसिंग परमिट घेऊन गेला. पस्तिशीचा, उंच, कमी बोलणारा. माझ्या हाताखालच्या लाईनमनांत सगळ्यात चोख. एक्केचाळीस नंबरच्या खांबावर चिनीमातीचं इन्सुलेटर फुटलं होतं, ते बदलायचं होतं. सोबत प्रीतमचाचा. हे साठीला टेकलेले असिस्टंट लाईनमन, कानाने अधू. बोललेलं समोरून ओठ बघून कळायचं त्यांना. जागा पाच किलोमीटरवर.

त्या लाईनवर दोन गावं आणि सुरक्षा दलाचा एक कॅम्प होता. कॅम्पचा वायरलेस बॅटरीवर चाललेला, म्हणून त्यांचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, बिजली कब आएगी. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून विचारलं. मी वैतागलो होतो.

बारा वाजून पाच मिनिटांनी प्रीतमचाचा सायकलवरून आले. मिशीवर दव जमलेलं, हात गारठलेले. स्लिप माझ्यापुढे ठेवली. काम पूर्ण, साखळी काढली, माणसं खाली आली, असं लिहिलेलं आणि खाली जोगिंदरची गुरुमुखी सही. मी ती ओळखत होतो. वेळही घातलेली होती, अकरा वीस.

"जोगिंदर कुठे?" मी खुणेने विचारलं.

"साइकिल एक ही है जी. पैदल आ रहा है पीछे."

कागद बरोबर, सही बरोबर, वेळ बरोबर. मी लॉगबुकात बारा आठला परमिट परत आल्याची नोंद केली. आमचा ऑपरेटर निर्मलसिंग पॅनेलजवळ उभा होता, पण तो दिवस असा चिडचिडीचा होता की मीच उठलो. ब्रेकरच्या हँडलवर हात ठेवला.

फोन वाजला.

टेबलावरचा काळा फोन. दिवसातून पन्नास वेळा उचलायचा, वाजला की हात जातो. मी हँडल सोडलं, दोन पावलं मागे आलो आणि रिसीव्हर उचलला.

"साब जी, लाईन ना देना. मैं ऊपर हूँ."

जोगिंदरचा आवाज. घाबरलेला नाही, हळू. मागे वाऱ्यासारखी घरघर.

"अरे, स्लिप तो आ गई तुम्हारी," मी खेकसलोच. "कहाँ से बोल रहे हो?"

"तैंताली नंबर. मैं ऊपर हूँ जी."

आणि पुढे काही नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं आणि रिसीव्हर आपटला. आता मनातलं खरं सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला काळजी वाटली नाही, राग आला. काम एक्केचाळीसवर, स्लिपवर एक्केचाळीस, आणि हा त्रेचाळीसवर काय करतोय? सही करून झाल्यावर कुणी वर चढतं का? आणि फोन करतोय म्हणजे कुठल्यातरी घरात आहे, खांबावर कसा असेल? काहीतरी घोटाळा करतोय झालं. स्लिप माझ्या हातात होती. मंडळी, माझा हात पुन्हा हँडलकडे गेला.

"साब जी, किससे बात कर रहे थे?" निर्मलसिंगने विचारलं.

"जोगिंदर."

तो फोनकडे बघत म्हणाला, "फोन तो परसों से डेड है जी. केबल कटी पड़ी है. आपने ही तो लॉगबुक में लिखा है."

"आत्ता वाजला की. तुम्हें सुनाई नहीं दिया?"

"नहीं जी. आप अचानक मुड़े, और फोन उठा के बोलने लगे."

मी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. डायल टोन नाही, खरखर नाही, नुसतं प्लास्टिक. लॉगबुक उघडलं. दोन दिवसांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात, टेलिफोन बंद, तक्रार पाठवली. गंमत बघा — फोन चालू असता तर मी जोगिंदरशी वाद घातला असता आणि नियमाप्रमाणे वीज सोडली असती. तो बंद होता म्हणून मी थांबलो.

निर्मलसिंगने ब्रेकरला कुलूप घातलं, किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली आणि पॅनेलसमोर खुर्ची ओढून बसला. "आप जाओ जी. यहाँ कोई हाथ नहीं लगाएगा." कॅम्पचा माणूस त्यानंतर पुन्हा येऊन गेला म्हणे. निर्मलसिंग खुर्चीवरून उठला नाही.

मी जीप काढली, प्रीतमचाचांना शेजारी बसवलं, शिडी मागे टाकली. धुक्यात जीप चालवणं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. वाटेत नाक्यावर अडवलं, शिडी कशाला म्हणून विचारलं, सोडलं. कालव्याच्या कडेने खांब एकेक करत पुढे येत होते, आणि मी त्यांच्यावर रंगवलेले आकडे वाचत होतो. एक्केचाळीस. खाली जोगिंदरची पिशवी, फुटलेल्या इन्सुलेटरचे तुकडे, गुंडाळून ठेवलेली साखळी. वर कुणी नाही. मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही. बेचाळीस, काहीच नाही.

त्रेचाळीसच्या खाली शिडी आडवी पडलेली होती.

वर पाहिलं. तो कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत होता. डावा हात लोखंडी आडव्या पट्टीत खांद्यापर्यंत अडकलेला, आणि काख सरळ तारेवर. उघड्या तारेवर. त्याने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. शेतातून दोघे-तिघे धावत आले, त्यांच्या मदतीने उतरवला. ओठ निळे पडलेले. जीपमध्ये घालून थेट चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. सबंध रस्ताभर प्रीतमचाचा त्याचे तळवे चोळत होते आणि रडत होते, आपल्याच बहिऱ्या कानांना शिव्या देत होते. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "काळ आला होता, वेळ आली नव्हती." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मला ती गेली नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. बायकोने डब्यात शिरा दिला होता. जोगिंदर उशीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. काय झालं होतं ते त्यानेच सांगितलं. साखळी काढली, सही केली, स्लिप देऊन चाचांना पाठवलं. मग निघण्याआधी शिडी घेऊन पुढचे दोन खांब बघायला गेला तर त्रेचाळीसवर तार इन्सुलेटरला बांधणारी वायर सुटायला आलेली दिसली. चाचांना पोचायला पाऊण तास लागणार, काम दोन मिनिटांचं. आता सोडलं तर उद्या पुन्हा परमिट, पुन्हा तोच रस्ता, तोच नाका. म्हणून चढला. वर असताना दवाने ओली झालेली शिडी सरकली.

"फोन कहाँ से किया था?" मी विचारलं.

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "खंभे पर फोन कहाँ से आएगा साब जी?"

"मग... तुमने आवाज तो दी होगी? मुझे बुलाया होगा?"

"पहले बहुत आवाज दी. चाचे को, खेत वालों को. धुंध में कौन सुनता. फँसे हाथ में घड़ी थी, सामने दिख रही थी. बारह दस हो गए तो मैं चुप हो गया."

"चुप क्यों?"

त्याने शिऱ्याचा घास घेतला, सावकाश गिळला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट मोठ्या माणसाचं कौतुक करावं तसं तो म्हणाला, "चाचा पहुँच गया होगा, ये सोचा. ड्यूटी पर देशमुख साब हैं. साइन देखेंगे, टाइम देखेंगे, लाईन दे देंगे. आप कागज के पक्के हो जी. आपको क्या बुलाना."

मी डबा घेऊन बाहेर आलो आणि जिन्यावर बसून राहिलो.

नंतर मी फोनची केबल तपासून घेतली. दोन ठिकाणी कापलेली होती, आमच्याकडे घंटी वाजेल इतकाही दाब येणं शक्य नव्हतं. इंजिनिअर मित्रांना विचारलं. थकवा, ताण, भास — सगळं ऐकून घेतलं. भास असेलही. पण त्रेचाळीस हा आकडा त्या वेळी जगात फक्त एका माणसाला ठाऊक होता. आणि लॉगबुकात परत आल्याची वेळ बारा आठ आहे, माझ्या अक्षरात. त्यानंतर दोन मिनिटांनी मी फोन उचलला.

म्हणजे नेमका त्याच वेळी, जेव्हा त्याने मला हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. मग तो आवाज कुणाचा, हे मला आजही माहीत नाही. जोगिंदरने तर मला हाक मारलीच नव्हती.