एका डोक्याला छत्तीस फेऱ्या

बारापैकी सात टॉवेल दोरीवर गेले होते आणि पाच अजून बादलीतच होते. अण्णा गच्चीच्या कठड्याला टेकून एका पायावर उभे होते. डावी टाच अधांतरी, तापल्या तव्यावरून नुकतीच उचलल्यासारखी. जिन्यात काकूंची चाहूल लागली तसा त्यांनी पाय पटकन खाली ठेवला आणि हातातला टॉवेल उगाच झटकायला लागले.

"राहू द्या ते नाटक," काकू वर येत म्हणाल्या. "पिळलेल्या टॉवेलातून काय पाणी काढताय?"

"वारा कुठून येतोय बघत होतो."

"एका पायावर?"

काकूंनी बादली आपल्याकडे ओढली.

अण्णांचं केस कापायचं दुकान चौतीस वर्षांचं. दुकानाचे टॉवेल घरीच धुवायचे आणि स्वतःच्या हाताने वाळत घालायचे, हा त्यांचा नेम. बाहेरून धुऊन आणलेल्या टॉवेलाला परक्या घराचा वास येतो म्हणायचे. पण गेले पाच महिने डाव्या टाचेने असं वैर धरलं होतं की नेम मोडायची वेळ आली होती. पहाटे अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. दहा-वीस पावलांनी जरा सैल पडायचं, आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढेपर्यंत खिळा पुन्हा जागेवर. पहाटे काकू डोळे मिटून प्रार्थनेला बसलेल्या असत. शेजारच्या खोलीतून "देवा रे!" ऐकू आलं की मनात म्हणत, चला, आज पण माझ्याआधी यांचीच हाक पोचली.

उपायांना तोटा नव्हता. दुकानाच्या बाकावर बसणारा प्रत्येक जण डॉक्टर. एकाने गरम विटेवर टाच ठेवायला सांगितली, दुसऱ्याने अनवाणी गवतावर चालायला, तिसऱ्याने पाऊलच टेकवू नका म्हटलं. अण्णा भिडस्त माणूस. कुणाचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी पहिली दोन्ही औषधं एकाच सकाळी केली आणि दिवसभर तिसरं आपोआप झालं.

शेवटी काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि अण्णा टेबलावरून खालीच यायचे बाकी राहिले.

"तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "तो ताणून ताणून दुखावलाय. दिवसात किती चालता?"

"मी कुठे चालतो? दिवसभर एका जागी उभा."

"मग जरा बसून काम करा."

"बाई, बसून केस कापले तर गिऱ्हाइकाचे कान हातात येतील."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण कागदावर लिहायचं ते लिहिलंच. सकाळी अंथरूण सोडायच्या आधी पावलाला टॉवेल अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली लाटायची. घरातसुद्धा फरशीवर अनवाणी फिरायचं नाही, जाड मऊ तळाच्या चपला घालायच्या. आणि धीर धरायचा, कारण हे दुखणं आठवड्यात जात नाही, महिने घेतं.

धीरच तर नव्हता. कारण गुरुवार.

दर गुरुवारी अण्णा मास्तरांच्या घरी जाऊन त्यांची दाढी करत. ज्यांनी अण्णांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली तेच हे मास्तर. चार वर्षांपूर्वी अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हापासून पलंगावर. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन गुरुवार अण्णांच्याने जिना चढवला नव्हता. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून "दुकानात गर्दी आहे" असा निरोप धाडला. मास्तरांच्या लेकीने दुसरा माणूस बोलावला, तर मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते तो जाईपर्यंत वळवलं नाही.

शुक्रवारी तिचा काकूंना फोन आला. "काकांना जमणार नसेल तर स्पष्ट सांगा हो काकू. मी बाबांना समजावते. ते रोज विचारतात."

अण्णांनी ते ऐकलं आणि ताटावरून अर्धपोटी उठले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "येत्या गुरुवारी नाही जमलं तर मीच सांगेन मास्तरांना. दुसरा माणूस बघा म्हणून."

काकूंना माहीत होतं, हे सांगायला अण्णांना तिसऱ्या मजल्यापेक्षा उंच चढावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी त्या डबा घेऊन दुकानात गेल्या. तीन गिऱ्हाइकं होती, म्हणून बाकावर बसल्या आणि सवयीने पिशवीतली माळ हातात घेतली. देवाच्या एका नावाला एक मणी. डोळे उघडेच होते. समोर अण्णा कात्री चालवत होते: डावा कान, मान, उजवा कान, कपाळ, पुन्हा डावा कान. थोड्या वेळाने काकूंच्या ध्यानात आलं की मणी देवाच्या नावावर सरकतच नाहीयेत. अण्णांनी खुर्चीभोवती एक फेरी पुरी केली की एक मणी सरकतोय. त्यांनी मनात देवाची क्षमा मागितली आणि मोजत राहिल्या. तिसऱ्या माणसाच्या मानेवरून ब्रश फिरला तेव्हा एकशे आठ मण्यांची माळ पुरी झाली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "एका डोक्याला छत्तीस फेऱ्या घालता तुम्ही."

"कोण, मी?"

"नाही, मी. आणि त्या बाईंना म्हणालात एका जागी उभा असतो. ही खुर्ची का नाही फिरत?"

"जुनी आहे ती. नाही फिरत."

मघाच केस कापून घेतलेला, शेजारी सायकली दुरुस्त करणारा सायकलवाला अजून आरशात मान बघत रेंगाळला होता. खुर्ची म्हटल्यावर तो खाली वाकला. "अण्णा, जुनी कसली? ही फिरायचीच खुर्ची आहे. इथे आडवा बोल्ट मारलाय कुणी तरी. काय गाढव माणूस असेल!"

"काढ की मग," काकू म्हणाल्या.

त्याने पाना आणला, तेल सोडलं, दोनदा शिव्या घातल्या आणि गंजलेला बोल्ट अण्णांच्या तळहातावर ठेवला. अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले.

"गाढव मीच," ते म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांचा चार वर्षांचा मुलगा या खुर्चीत बसून गरगर फिरत होता. फिरता फिरता उडाला आणि हनुवटी फुटली. रक्त थांबल्यावर अण्णांनी त्याच संध्याकाळी खुर्चीला बोल्ट मारला. पोरगं मोठं झालं, त्याला मिशा आल्या, हनुवटीखालची ती पांढरी रेघ सांभाळत अण्णा त्याची दाढीसुद्धा करू लागले. बोल्ट तेवढा कुणाला आठवला नाही. लेकाच्या एका गिरकीपायी बाप अठ्ठावीस वर्षं खुर्चीभोवती फिरत राहिला होता.

"जाऊ द्या," काकू हळूच म्हणाल्या. "तेवढी प्रदक्षिणा कुठे तरी जमा झाली असेल."

खुर्ची फिरायला लागली म्हणून पाय लगेच ऐकतात थोडेच! अण्णा कात्री घेऊन सवयीने निघायचेच. मग पुढचे दोन दिवस काकू बाकावर बसून राहिल्या. अण्णांचं पाऊल उचललं की त्या खोकत, आणि अण्णा खुर्ची फिरवत. मंगळवारपर्यंत बाकावरचे लोकही खोकायला लागले. "साथ आलीय का हो?" म्हणून एका नव्या गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावला.

सकाळी टॉवेल, दुपारी भिंत, संध्याकाळी बर्फाची बाटली. अण्णा करत होते, कुरकुरत करत होते. गुरुवारी पहाटे पहिलं पाऊल पडलं तेव्हा काकू कान देऊन बसल्या होत्या. "देवा रे" आलं, पण हलक्या आवाजात. खिळा गेला नव्हता. जरा बारीक झाला होता.

दोघं मिळून मास्तरांचा जिना चढले. सामानाची पिशवी काकूंकडे. प्रत्येक मजल्यावर अण्णा थांबून भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "भिंत कलली की काय?"

"नाही, मीच कललोय," अण्णा म्हणाले.

मास्तर उशाला टेकून होते, गालांवर पांढरं रान माजलेलं. अण्णांना बघून त्यांच्या ओठांची एकच बाजू हलली. "उशीर."

"दोन आठवडे, मास्तर."

"कारण?"

अण्णांनी काकूंकडे बघितलं. काकू छताकडे बघत होत्या. "गर्दी नव्हती, मास्तर. टाच दुखते. जिना चढवेना. सांगायची लाज वाटली."

मास्तरांनी बऱ्या हाताने पलंगाशेजारची खुर्ची दाखवली. "बस."

अण्णा जागचे हलले नाहीत. चार वर्षांत ते या खोलीत एकदाही बसले नव्हते. पलंग भिंतीला लागलेला. कमरेत वाकून, डाव्या टाचेवर सगळा भार टाकून ते अर्धा-अर्धा तास उभ्याने दाढी करत आले होते. मास्तरांसमोर बसायचं नाही, हे शाळेपासून अंगात मुरलेलं.

"तुमच्यासमोर कसा बसू?"

"दोनदा सांगायला लावू नकोस."

अण्णा बसले, खुर्चीच्या अगदी काठावर, मार खायला बोलावलेल्या मुलासारखे. लेकीने गरम पाणी आणून ठेवलं. फेस लावताना हात जरा चाचपडला, मग ओळखीच्या वाटेला लागला. काकूंनी पिशवीतून माळ काढली. या वेळी मणी बरोबर नावावर सरकत होते.

गाल गुळगुळीत झाल्यावर मास्तरांनी हात फिरवून पाहिला. "पुढच्या गुरुवारी?"

"येतो."

जिना उतरताना अण्णा कठडा धरून एकेक पायरी घेत होते.

"दुखतंय?" काकूंनी विचारलं.

"दुखतंय. पण मास्तरांकडची खुर्ची फार करकरते गं."

ते तिथूनच सायकलवाल्याकडे तेलाची बाटली आणायला गेले.