हॉलिसचं मचाण

माझा मेहुणा हॉलिस टॅडलॉक चाळीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होता, आणि निवृत्त झाला तरी खांबावरून काही उतरला नाही. चारचौघांत बसला की गोष्ट खांबावरच जाणार. लीफ नदीकाठच्या आमच्या शिकारी कॅम्पवर त्याच्या वादळाच्या कथा सगळ्यांना तोंडपाठ होत्या. दरवर्षी एकेका वादळाचा जोर वाढत गेला, एवढंच.

साठी उलटल्यावर आमच्याकडे माणसं जमिनीवरच्या लाकडी खोपट्यात बसून हरणाची वाट बघतात. आत खुर्ची, हीटर, बिस्किटं. हॉलिस त्याला म्हाताऱ्यांचं पाळणाघर म्हणायचा. अडुसष्टाव्या वर्षी त्याने चढतं मचाण विकत आणलं. त्याचे खोडाला वेढून बसणारे दोन भाग असतात, वर बसायची बैठक आणि खाली पावलांची फळी. बसायचं, बूट फळीच्या पट्ट्यांत अडकवून ती पायांनी वर ओढायची; उभं राहायचं, हातांनी बैठक वर सरकवायची. असं सुरवंटासारखं सरळसोट पाइनच्या झाडावर चढत जायचं.

माझी थोरली बहीण अर्लीन, म्हणजे त्याची बायको, हे बघून संतापली. शेवटी तिने अट घातली.

"अंगात पूर्ण सुरक्षा-पट्टा घालायचा आणि जमिनीवरूनच त्याचा दोर खोडाला अडकवायचा. आणि ज्या दिवशी दुसऱ्या कुणी तुला खाली उतरवलं, त्या दिवशी हे मचाण विकायचं."

"मला उतरवणारा अजून जन्माला यायचाय," हॉलिस म्हणाला.

"आला की कळेलच."

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे तिने स्वयंपाकघरात स्वतः त्याच्या पट्ट्याची बकलं लावली. मी दारात उभा राहून हसत होतो. तो चडफडत म्हणाला, "रॉस्को, दात झाक."

जंगलात मी त्याला विचारलं, "बैठक आणि फळी जोडणारी दोरी बांधलीस का?"

"बांधून ठेवायला फळी म्हणजे काय शेळी आहे?"

"आणि फळी अशी सपाट काय लावलीस? पुढून वर उचलून लाव. वर झाड बारीक होतं, मग ती पुढे झुकते."

"हे बघ, तू चाळीस वर्षं किराणा विकलास. चढायचं मला सांगू नकोस."

मी माझ्या जागेकडे निघालो. चुकलंच माझं. वाद घालायला हवा होता, पण हरणं काही आमचा वाद संपेपर्यंत थांबणार नव्हती.

दुपारी बारा वाजता सगळे कॅम्पवर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, खायला जमले. दारातल्या नकाशावर प्रत्येकाने जिथे बसायचं तिथे आपल्या नावाचा बिल्ला टांगायचा आणि परतल्यावर काढायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. हॉलिसचा बिल्ला तिथेच होता. हा माणूस एकवेळ प्रार्थना चुकवेल, चिली चुकवणार नाही. कुणाला काही न सांगता मी निघालो.

तो अठरा फुटांवर बैठकीत बसला होता, पाय लोंबकळत. फळी खाली बुंध्याशी पडली होती. वर गेल्यावर झाड बारीक झालं, फळी सैल होऊन पुढे कलली, आणि त्याने पाय मोकळे करायला बूट फळीच्या पट्ट्यांतून काढताच ती घसरत थेट खाली आली. जोडणारी दोरी असती तर तिथेच लटकली असती. रिकामी बंदूक अजून खालीच, नंतर वर ओढून घ्यायच्या दोराला बांधलेली. त्यातल्या त्यात तेवढी अक्कल होती.

"किती वेळ झाला?"

"सातपासून."

"मग ओरडला का नाहीस?"

पहिल्या दिवशी जंगलात जो ओरडेल त्याने हंगामभर कॅम्पची भांडी घासायची, असा आमचा नियम आहे. हॉलिस म्हणाला, "मी नाही भांडी घासणार." मग खालच्या बंदुकीकडे बघत, "हरणाचा एक मोठा नर आला होता. दहा मिनिटं माझी बंदूक हुंगत उभा होता."

मी हसून हसून खाली बसलो. तो हसला नाही. तेव्हा मी नीट पाहिलं. दोन्ही हातांनी त्याने बैठकीची दांडी घट्ट धरली होती.

"कॅम्पवरची शिडी आणतो."

"कॅम्पची नको! सगळ्यांना कळेल. घरची आण."

घरची शिडी म्हणजे अर्लीन. तिने गॅस बंद केला, शिडी माझ्या गाडीत चढवायला हात लावला, आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

शिडी लावली, मी ती गच्च धरली. हॉलिसने कसेबसे पाय पायरीवर टेकले. आता फक्त पट्ट्याचा हुक सोडायचा होता. त्याने हात नेला, आणि हात तिथेच राहिला.

"हॉलिस, सोड की," मी म्हणालो.

"सुटत नाहीये."

हुक नव्हे, त्याची बोटं सुटत नव्हती.

माझी ही बहीण बल्ब बदलायला स्टुलावरदेखील चढत नाही. ती शिडीवर चढायला लागली. मी ओरडलो, "अगं, एका शिडीवर दोघं नको!" तिने ऐकलं नाही. अकरा पायऱ्या चढली. तिने वर हात करून त्याची टाच धरली.

"चाळीस वर्षं वादळात तू खांबावर असायचास आणि मी फोनसमोर बसून असायची," ती म्हणाली. "दर वेळी घरी आलास. आत्ताही येशील. सोड."

मग तो अगदी हळू म्हणाला, "अर्लीन, मला फार भीती वाटली गं."

"माहीत आहे. सोड आता."

हुक सुटल्याचा आवाज आला. एकेक पायरी करत दोघं खाली आली. खाली येताच ती पानांवर बसली. तोही तिच्या शेजारी बसला.

"विकून टाक ते," तो म्हणाला. "अट म्हणजे अट."

भांडणाची तयारी करून आलेली माझी बहीण त्याच्याकडे बघतच राहिली. नंतर तिने पडलेली फळी ओढून घेतली, दोरी बांधायची तिच्यावरची रिकामी कडी मला दाखवली आणि म्हणाली, "रॉस्को, आधी हिला दोरी बांध. अशीच विकली, तर घेणाऱ्याच्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"