टोपी मागून काळी

सूर्यभान मास्तरांनी कवळी बसवली, ही बातमी तुळशीच्या लग्नाआधीच गल्लीभर झाली. बातमीला बूडही होतं. बँडवाल्याचे दात गेले की ओठांचा टेकू गेला, आणि ओठांचा टेकू गेला की ट्रम्पेट मुकं. बातमी कुणी उठवली ते विचारू नये. गल्लीत अशी रोपं आपोआप उगवतात, शेजारीपाजारी फार तर पाणी घालतात. पण मास्तरांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी भर चौकात चालत्या ट्रॉलीतून उसाचं एक टिपरू ओढलं, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत दातांनी सोललं, चावलं, चोथा थुंकला आणि घरी गेले. दात सगळे जागेवर होते आणि सगळे स्वतःचे होते.

खरी गोष्ट कवळीपेक्षा वाईट होती.

मास्तर म्हणजे कानिफनाथ ब्रास बँडचे मालक आणि मुख्य वाजवणारे. नेवाशापासून शेवगावापर्यंत कुठल्याही गावात विचारा, पोरीची पाठवणी कुणी वाजवली, तर हेच नाव निघेल. त्यांच्या पाठवणीच्या धुनेत एक लांब सूर होता. तो संपेपर्यंत नवरीचा बापसुद्धा रडायचं थांबून उभा राहायचा. गेल्या सीझनपासून तो सूर मास्तरांच्या छातीतच अडकायला लागला. आत शिट्टी वाजायची, मग खोकल्याची उबळ. शेवटी त्यांनी कॅशिओवाल्या समर्थला गुपचूप सांगून ठेवलं. लांब सूर आला की कॅशिओ वाजायचा, आणि मास्तर डोळे मिटून, गाल फुगवून, ट्रम्पेट आभाळाकडं धरून नुसते उभे. लोक खूश होऊन शिट्ट्या मारायचे. मास्तरांना त्या शिट्ट्या शिव्यांसारख्या लागायच्या.

हेही खपून गेलं असतं. पण दिशाचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न येत्या माघातल्या मुहूर्तावर ठरलं. अख्ख्या तालुक्याच्या पोरी वाजवून सासरी धाडल्या आणि स्वतःची पोर कॅशिओवर धाडायची? मास्तरांना जेवण गोड लागेना.

बायको पुष्पावती त्यांना धरून नगरला छातीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिथल्या पोरीनं हातात एक नळी दिली आणि म्हणाली, "काका, यात जोरात फुंका." मास्तर गालातल्या गालात हसले. फुंकायचं कुणाला शिकवते ही? त्यांनी मिशी सावरली, ओठ आवळले, गाल टम्म फुगवले.

"गाल नको काका, छाती रिकामी करा."

छाती रिकामी केली. पडद्यावरची रेघ जरा वर चढली आणि दमलेल्या म्हशीसारखी मटकन बसली.

डॉक्टरांनी विचारलं, "बिड्या किती होतात?"

"सुपारीसुदिक खात न्हाई."

"मग धूर कुठला घेता?"

"धूर कोन घेतंय, सायेब? त्यो काय मागून घ्यायची वस्तू हाय व्हय?"

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, "धूळ नाकात अडकते, शिंकलं की जाते. धुरातले बारीक कण अडकत नाहीत, थेट खोल जातात. आतल्या नळ्या सुजतात. सूज जुनी झाली की नळ्या तशाच अरुंद राहतात, आणि पुढं हृदयालाही त्रास होतो. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप देतो, रोज घ्या. पण पंप घेऊन परत धुरातच उभे राहिलात तर मी काय करू? आधी धूर शोधा."

गोंधळ इथून सुरू झाला. कारण आमच्या गावात धूर शोधायला निघणं म्हणजे जत्रेत चप्पल शोधण्यासारखं. कारखान्याचं धुराडं दिवाळीनंतर पेटतं. उसाचं पाचट दिवाळीनंतर जळतं. कोपऱ्यावरचा कचरा आणि न्हाणीतली चूल यांनाही थंडीतच जोर चढतो. मास्तरांचा खोकला दिवाळीनंतर सुरू आणि पावसाळ्यात बंद, तसेच हे सगळे धूरही दिवाळीनंतर सुरू आणि पावसाळ्यात बंद. आता चोर कोणता म्हणायचा?

पहिला हात घरच्या चुलीवर पडला. पुष्पावती ती प्लास्टिकच्या पिशव्या घालून पेटवायची.

"लगीन झाल्यापासून याच चुलीच्या पान्यानं न्हाताय," ती म्हणाली. "तवा न्हाई लागली ती छातीला?"

"डॉक्टर म्हनला, धूर शोधा."

"मग बायकोपासनंच सुरवात करा. सोप्पं हाय."

पण कुरकुरत का होईना, तिनं चूल परसात हलवली, पिशव्या बंद केल्या, आणि स्वयंपाक सगळा गॅसवर नेला.

मग मास्तर भागवतच्या बांधावर गेले. भागवत शेजारचा बागाईतदार. तोडलेल्या उसाच्या फडात काडेपेटी घेऊन उभाच होता.

"भागवत, पाचट पेटवू नगंस."

"का? आमच्या लग्नात दुसरा बँड लावला हुता म्हनून?"

"माझ्या छातीत जातंय."

"मास्तर, वारं खालच्या अंगाला हाय. तुमची छाती वरच्या अंगाला."

"आन तुझी आई कुठल्या अंगाला झोपती?"

भागवतनं काडेपेटी खिशात घातली. त्याच्या आईला, बनुबाईला, हिवाळ्यात रातभर उशीला टेकून बसावं लागायचं, ते गल्लीला ठाऊक होतं. त्यानं यंत्र आणून पाचटाची कुट्टी केली आणि सरीत पसरली. पुढं महिनाभर तो सगळ्यांना तक्रारीच्या सुरात सांगत फिरला, "मास्तरच्या नादानं पानी कमी लागायला लागलं की हो उसाला."

कचऱ्यासाठी मास्तर ग्रामसभेत उभे राहिले. ओला वेगळा, सुका वेगळा, पेटवायचा कुठलाच नाही, असा ठराव करून घेतला. ठराव किती दिवस टिकतो यावर पैजा लागल्या. पण बायकांनी मनावर घेतलं आणि टिकला. कारखान्याच्या धुराड्याकडं मात्र ते नुसतं बघून यायचे. ते फार उंच होतं.

आणि झालं काय? बनुबाई रात्री आडवी होऊन झोपायला लागली. पुष्पावतीच्या डोळ्यांची चुरचुर गेली. कोपऱ्यावरच्या घरातली लेकरं सकाळी खोकायची, ती कमी झाली. मास्तर होते तसेच. उलट मार्गशीर्षातल्या लग्नांत एका नवरदेवाच्या घोडीपुढं त्यांना असा खोकला आला की घोडी बुजली.

भागवत पारावर म्हणाला, "मास्तरनं गावाचा खोकला घालवला. सवताचा तेवढा राखला."

पौष लागला. पौषात लग्नं नसतात. मास्तर घरी बसले आणि आठ-पंधरा दिवसांत छातीतली शिट्टी थांबली. समोर कारखान्याचं धुराडं तर रात्रंदिवस ओकत होतं. मास्तर अंगणात बसून त्याच्याकडं बघत आणि डोकं खाजवत. कारखाना चालू आणि खोकला बंद. धूर लागतो म्हणावं तर धूर हाय की समोर. मग काय लागतं?

गल्लीनं उत्तर काढलंच. ट्रम्पेटच मानवत नाही मास्तरांना. वाजवायचं थांबलं, खोकला थांबला. इतका सरळ हिशोब.

मास्तरांनाही तो पटला. उभा जन्म जी वस्तू ओठाला लावली तीच उलटली म्हणायची. त्यांनी ट्रम्पेट जुन्या धोतरात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. दिशा खालून बघत होती, तेच त्यांना जास्त लागलं.

पौषात पुष्पावती बँडच्या टोप्या धुवायची. पांढऱ्या टोप्या, वर लाल तुरे. अंगणात ओळीनं मांडल्या तेव्हा तिला एक टोपी वेगळी दिसली. ढोलवाल्याची, ताशेवाल्याची, खुळखुळेवाल्याची, साऱ्या सारख्याच मळल्या होत्या. मास्तरांची पुढून पांढरी आणि मागून तव्यासारखी काळी. तिनं बोट फिरवलं, बोट काळं झालं. तेलकट काळं.

"अहो, तुमी वरातीत कुनाकडं पाठ करून उभं राहता?"

"कुनाकडं म्हंजी? मागं आपली गाडीच असती."

बँडची गाडी, म्हणजे टेम्पोवर चढवलेले कर्णे, आणि कर्ण्यांना वीज देणारा डिझेलचा जनरेटर. मास्तरांची जागा मानाची. माईकजवळ, गाडीला अगदी खेटून. त्यांनी गाडी चालवणाऱ्या गहिनीनाथला बोलावलं.

"जनरेटरची नळी कुनीकडं हाय रं?"

"म्होरं."

"म्होरं कुनी केली?"

गहिनीनाथनं पायानं माती उकरली. "तुमीच, मास्तर. गेल्या सीझनच्या सुरवातीला शिर्डीच्या लग्नात वरमाईच्या शालूवर काजळी बसली, तवा तुमीच म्हनला, बायकांकडं धूर नगं, फिरव म्होरं."

मास्तर खाटेवर बसले. वरमाईचा शालू वाचवला आणि स्वतःची छाती दिली. ज्या जागेसाठी बापाशीसुद्धा भांडलो, ती जागा नेमकी नळीच्या तोंडाशी.

तरी गोंधळ संपला नाही, कारण आता नळी वळवायची कुठं? मागं वळवली तर वऱ्हाडातल्या बाया. बाजूला वळवली तर रस्त्याकडेची घरं. गहिनीनाथ म्हणाला, "आभाळाकडं करू," तर पुष्पावती म्हणाली, "वरात बघायला बाया गच्चीवर जात्यात, त्यांच्या तोंडावर?" धूर कुणालाच नको होता आणि प्रत्येक बाजूला कुणीतरी उभं होतं. भागवत तिथंच होता. म्हणाला, "एकच जागा रिकामी हाय. जनरेटर वापरूच नगा."

"आन कर्णे?"

"बॅटरीवर."

"बॅटरी पाठवनीपत्तूर टिकंल?"

"न्हाई टिकली तर तोंडानं वाजवा. बँडवाले न्हवं का तुमी?"

दिशानं माळ्यावरून ट्रम्पेट काढलं आणि बापापुढं ठेवलं.

माघात लग्न झालं. फटाके नाहीत, जनरेटर नाही. मास्तर रोज नेमानं पंप ओढत होते, छाती बरीच मोकळी होती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, गेलेलं सगळं परत येईल असं समजू नका. नवरदेव मारुतीला नेताना बॅटरी झकास चालली. जेवणं होईपर्यंत कॅशिओ कुजबुजायला लागला. दिशा सासरच्या गाडीपाशी आली तेव्हा कर्ण्यांतून हूं का चूं निघेना. समर्थनं घाबरून मास्तरांकडं पाहिलं.

मास्तर पुढं झाले आणि त्यांनी धून धरली. नुसतं ट्रम्पेट, उघड्यावर. लांब सूर आला. त्यांनी गाल फुगवले नाहीत. सूर निघाला, चढला, थरथरला आणि अर्ध्यावर तुटला.

मास्तरांनी जरीच्या कोटाच्या खिशातून पंप काढला, ओढला, गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभे राहिले. दिशा गाडीत बसेना. सगळे थांबले. मग त्यांनी ट्रम्पेट उचललं आणि जिथं तुटलं होतं तिथून पुढं उरलेलं वाजवलं. जाडंभरडं, पण शेवटपर्यंत.

गाडी हलली. नवऱ्याचे वडील आप्पासाहेब, मुळात थट्टेखोर माणूस, पाया पडायला वाकलेल्या मास्तरांना उठवत म्हणाले, "मास्तर, मधीच थांबला की हो. लोकांच्या लग्नात तर एका दमात वाजवता म्हनं."

मास्तरांनी टोपी काढून मागची बाजू बघितली, परत घातली आणि म्हणाले, "लोकांच्या लग्नात नुसतं गाल फुगवत हुतो, व्याही. आज वाजवलं."