हातातलं वजन

कारखान्यात त्यांना सगळे ग्रॅमबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं.

तो कारखाना घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बनवायचा आणि नव्या मशीनचा आराखडा ग्रॅमबाई करत. कुठलाही सुटा भाग समोर आला की त्या तो आधी तळहातावर घेऊन झुलवत, "जड आहे," म्हणत आणि मगच काट्यावर ठेवत. काटा बहुतेक वेळा त्यांचीच री ओढायचा. ही खोड फाटकापाशी थांबत नसे. शेजारणीचं बाळ पाहायला गेल्या, तेव्हा बाकीच्या बायका नाक कुणाचं आणि डोळे कुणाचे यात गुंतल्या होत्या. बाईंनी बाळ उचललं, जरा झुलवलं आणि म्हणाल्या, "तीन किलोला थोडं कमी." बाळाची आजी अजूनही त्यांच्याशी नीट बोलत नाही.

हलक्या मशीनचा ध्यास मात्र त्यांना ताईमुळे लागला.

आईच्या माघारी ताईनंच त्यांना वाढवलं. लोकांचे कपडे शिवून शिकवलं, आणि शिकून मोठी झालेली धाकटी तिच्या लेखी अजून चिमणीच राहिली. ताई आता एकटीच राहायची. खाली दोन खोल्या, वर एक, मधे अरुंद जिना. बाहेरच्या खोलीत जाडजूड गालिचा, आणि त्यावर शिवणाचे दोरे कायमचे वस्तीला. न्हाणीघरात पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. जुळलं, पण जरा वाकडंच. भरली किटली उचलायला दोन्ही हात लागू लागले, तसा तिचा मुलगा मागे लागला.

"आई, माझ्याकडे चल राहायला. तुला साधा केर काढवत नाही आता."

"आणि काढला तर? तोंड बंद करशील?"

"करीन."

"मग बघच," ताई म्हणाली आणि तिनं लगेच बहिणीला फोन लावला. "चिमणे, मला पेलेल असं एक मशीन कर. नाहीतर हा मला गाठोड्यासारखा उचलून नेईल."

व्हॅक्यूम क्लीनरचं गणित आखूड पांघरुणासारखं असतं. डोक्यावर ओढावं तर पाय उघडे पडतात. मोटर मोठी घेतली तर धूळ झकास ओढते, पण मशीन जड होतं आणि बॅटरी लवकर मान टाकते. बॅटरी मोठी केली की आणखी जड. धुळीचा डबा लहान केला तर तो दर खोलीला रिकामा करायचा. ग्रॅमबाईंनी त्या वर्षी पांघरूण सगळं एकाच बाजूला ओढलं. मोटर धाकटी घेतली, प्लास्टिक पातळ केलं, डबा वाटीएवढा ठेवला. मोटरचं काम पाहणारा सहकारी, ज्याला सगळे मोटरवाला म्हणत, तो दर आठवड्याला कुरकुरायचा.

"बाई, आता मोटरसुद्धा काढून टाका. आत एक फुंकर मारणारा माणूस बसवू. बारीक अंगाचा बघून."

पण मशीन तयार झालं. आजवरचं सगळ्यात हलकं. ओढ कमी होती हे बाईंना आकड्यांत दिसत होतं, पण चाचणीत पास झालं ना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. साहेब खूश झाले आणि खोक्यावर काय छापायचं ते लगेच ठरलं. पहिला नमुना ताईकडे पोहोचला.

"हलकं आहे का गं?" बाईंनी फोनवर विचारलं.

"पीस आहे, पीस!"

"हात दुखतो?"

"छे! मशीननं मुळीच नाही."

त्या दिवशी ग्रॅमबाईंनी 'पीस' हा शब्द कारखानाभर मिरवला.

पुढच्या सुट्टीला त्या ताईकडे जेवायला जाणार होत्या. पण त्या सकाळीच जाऊन थडकल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई गालिच्यावर गुडघे टेकून बसली होती. डाव्या हातात ओला रबरी हातमोजा, उजवा हात पोटाशी धरलेला. ती इंच इंच पुढे सरकत दोरे गोळा करत होती. भिंतीला टेकून मशीन उभं होतं, पाहुण्यासारखं.

"हे काय चाललंय?"

ताई दचकली. "तू जेवायला येणार होतीस ना!"

"मशीन बिघडलंय का?"

"नाही गं. छान चालतं. फक्त..." ताईनं मोज्याला चिकटलेले दोरे झटकले. "केर तेवढा ओढत नाही."

ग्रॅमबाई दारातच उभ्या राहिल्या. "मग फोनवर पीस पीस काय लावलं होतंस?"

"तू विचारलंस, हलकं आहे का. आहे हलकं. खोटं कुठे बोलले?"

"हात दुखतो का, तेही विचारलं होतं."

"मशीननं नाहीच दुखत. नंतर दुखतो, हे असं बसलं की." ताईनं नजर चुकवली. "तू येणार म्हणून जरा साफ करून ठेवत होते. तुला वाटावं, मशीननंच केलंय. तुझ्या हातच्याला मी कधी नाव ठेवलंय? तू शिवलेला पहिला झगा घालून गावभर हिंडले होते की नाही?"

"त्याचं काय?"

"काही नाही. सुंदर होता."

बाईंनी पर्स खाली ठेवली, ताईच्या हातातला मोजा काढून घेतला आणि स्वतः गुडघ्यांवर बसल्या. उरलेला गालिचा त्यांनी साफ केला. दोरे खोल रुतलेले होते. हलकं आहे का, हा एकच प्रश्न आपण सगळ्यांना विचारत हिंडलो, आणि ताईनं तेवढ्याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं, हे दोरे ओढता ओढता त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी ताईला मशीन चालवून दाखवायला लावलं. मोटर मुठीशीच होती. वजन थोडं, पण सगळंच्या सगळं त्या वाकड्या मनगटावर.

दुसऱ्या दिवशी मोटरवाल्याच्या टेबलाशी जाऊन त्या म्हणाल्या, "मोठी मोटर द्या."

मोटरवाल्यानं चष्मा काढून पुसला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. मी सगळ्यांना बोलावतो."

मोटर, डबा, बॅटरी, सगळं बाईंनी मुठीपासून खाली आणलं, केर ओढणाऱ्या तोंडापाशी, चाकांवर. आता भार जमिनीनं पेलायचा होता आणि हातानं फक्त दांडा धरायचा होता. काट्यावर मशीन बरंच जड भरलं. साहेब हताश होऊन म्हणाले, "बाई, 'सगळ्यात हलकं' अशी खोकी छापून झालीत!"

"ती जुन्यालाच वापरा. नुसती फरशी असेल त्या घरात ते चालेल. पण हेही करायचं."

या नव्या मशीनचा पहिला नमुना गालिच्याला जळूसारखा चिकटला. ओढ एवढी की ढकलता येईना. तोंडाच्या वर बाईंनी हवा आत यायला सरकत्या पट्टीचं एक भोक ठेवलं, तेव्हा कुठे ते सुटलं.

निकालाच्या दिवशी भाचा हाताची घडी घालून उभा राहिला. ताईनं बोटांत दांडा धरला आणि मशीन गालिच्यावरून फिरवलं. मागे गालिच्याचा मूळ रंग उमटत गेला. तो भाच्यानं वाकून पाहिला. मग त्यानं पुढे होऊन मशीन उचललं.

"मावशी, हे तर जुन्याहून जड आहे!"

"उचलतोस कशाला? ढकल."

त्यानं ढकललं. पुन्हा ढकललं. "आणि जिना?"

"जिन्याला झाडू आहे," ताई म्हणाली.

"पलंगाखाली? हे धूड तिथे जायचं नाही."

"तिथे तू जा. लहानपणी आंघोळीला नको म्हणून तिथेच तर लपायचास."

भाचा हसला. "बरं बाई. तोंड बंद." पण जिन्याला कठडा बसवून घ्यायचं त्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तेवढं ताईनं ऐकलं.

दोन-चार दिवसांनी कारखान्यात फोन वाजला.

"चिमणे, त्या डब्याचं झाकण किती घट्ट! आणि आवाज केवढा, शेजारीण विचारून गेली, घरात गिरणी टाकली का म्हणून."

ग्रॅमबाईंनी फोन कानाशी आणखी जवळ धरला. समोर काट्यावर नवं झाकण होतं, ते तसंच राहिलं.

"अजून काय?"

"अजून चाक कुरकुरतं."

"अजून?"

पलीकडे ताईनं घसा खाकरला.

"आणि त्या झग्याची डावी बाही आखूड होती."